कुजबुजणाऱ्या राणेबाई

आमच्या राणेबाई भांडतातसुद्धा कुजबुजत. लालबागला मिरच्या घेऊन गेल्या, तिथे मसाला कुटायचे डंक धडधडतायत, आणि बाई डंकवाल्याच्या कानाशी जाऊन कुजबुजल्या, "मी आता ओरडतेय हां!" त्याने घाबरून मशीनच बंद केलं.

परळच्या एका इस्पितळात मी एमआरआय काढतो, राणेबाई तिथल्या आया. तान्ह्या बाळाच्या मेंदूचे फोटो काढायचे तर डोकं अर्धा तास स्थिर हवं. मान जराशी वळली की फोटो पुसट. म्हणून बाळांना गुंगीचं औषध देतात. बाईंना तो स्वतःचा अपमान वाटतो. "पोट भरलेलं, अंग गुंडाळलेलं. झोपायला आणखी काय लागतं माणसाला?"

दूध पाजायचं ते दाराशीच. मग दुपट्याची घट्ट गुंडाळी, कान झाकायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम. आमच्या चपला बाहेर. एकदा मोठ्या डॉक्टरांना शिंक येत होती, तर बाईंनी त्यांचं नाक धरलं!

परवा तीन महिन्यांची मुलगी आली. तिला झटके येत होते, फुप्फुसं नाजूक, गुंगी देणं धोक्याचं. आणि फोटोंशिवाय इलाज ठरत नव्हता. दोनदा आत नेली, दोनदा मशीनच्या ठकठकीने जागी झाली. आई रडायलाच लागली.

"तू रडलंस की तिका कळता गो," बाई म्हणाल्या. "जा, चहा पिऊन ये."

मग मोबाईलवर मशीनची ठकठक हळू आवाजात लावली. मुलीला मांडीवर घेऊन त्याच ठेक्यात थोपटत राहिल्या. आवाज थोडाथोडा वाढवत नेला. मुलगी झोपली. आत खरी ठकठक सुरू झाली, तरी पापणी हलली नाही. फोटो अगदी स्वच्छ आले.

आई धावत आली, हात पुढे केले. बाईंनी बाळ दिलं नाही.

"उठेल गो. दहा मिनिटं थांब."

आता उठली असती तरी काही बिघडत नव्हतं. पण बाई काळाचौकीला एकट्या राहतात. मुलगा कॅनडात, आठ महिन्यांची नात अजून हातात घेतलेली नाही. "फोनवर दिसते रे," एकदा डबा खाताना म्हणाल्या होत्या, "पण वजन कळत नाही."

मी आईला बाईंच्या शेजारी खुर्ची दिली. "बसा जरा. कागद तयार होतायत."

कागद माझ्या हातातच होते. ते पाठीमागे धरून मी उभा राहिलो.