कुठून उंच?

आमच्या शेजारच्या नानांसमोर 'उंच' हा शब्द जपून वापरावा लागतो. तुम्ही सहज म्हणालात की मोबाइलचा नवा टॉवर भलताच उंच आहे, तर नाना हातातला चहा खाली ठेवतात, चष्मा वर सरकवतात आणि विचारतात, "कुठून उंच?" झालं. टॉवरविषयी तुम्हाला जे सांगायचं होतं ते राहतं बाजूला. पायथ्यापासून, रस्त्यापासून की समुद्रापासून हे ठरेपर्यंत चहा निवतो आणि बोदवड स्टेशनवरची तुमची गाडी निघून जाते.

नाना जमीन मोजणीच्या खात्यात होते. अख्खी नोकरी शेतं मोजण्यात आणि बांधावरून भांडणाऱ्या भावांना पाणी पाजून शांत करण्यात गेली. तिथे सगळा कारभार लांबी-रुंदीचा, उंची कुणी विचारत नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर म्हातारा या शब्दाच्या मागे लागला असावा, अशी आमच्या गल्लीची समजूत होती. माझीही होती.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ते या शब्दाची वाक्यं टिपून ठेवतात. उंच इमारत, उंच उडी, उंच आवाज. आता तर मलाही फोनवर पाठवतात, सकाळी सहाला. एकदा जळगावला साड्यांच्या दुकानात विक्रेता म्हणाला की काका, हा उंची माल आहे. नानांनी खिशातून टेप काढली. उंची साडी, उंची अत्तर, या उंच्या मोजायच्या कुठून, हे त्या बिचाऱ्याला सांगता येईना. मालक गल्ला सोडून आला. माझ्या आईला एक परकर घ्यायचा होता, तो राहूनच गेला.

मग एके दिवशी ते गाडीने पुन्हा जळगावला गेले आणि वाचनालयात दिवसभर मोठमोठे कोश उघडून बसले. संध्याकाळी परत आले ते लॉटरी लागल्यासारखे. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी निकाल जाहीर केला. "संस्कृतातला 'उच्च', त्याचा हा उंच. त्यातला 'उत्' म्हणजे वर. वर, बस, एवढंच. बाईला शोभत नाही, असं कोशात कुठेही लिहिलेलं नाही." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले.

कारण माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे. शाळेत माझं नाव शिडी होतं. वर्गाच्या फोटोत मला मुलांच्या मागे उभी करायचे. नववी-दहावीपासून मी खांदे पाडून, पाठ सैल सोडून चालायला शिकले, आणि आई त्याला वळण म्हणायची. नानांच्या घरावरून जाताना मात्र ओट्यावरून एकच शब्द यायचा, "ताठ." वर बघायचे नाहीत, पेपर वाचता वाचता म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. स्वतः जेमतेम पाच फूट दोन, यांचं काय जातंय ताठ म्हणायला?

नानांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, पाठीतून पार वाकलेली होती. मी तिला सरळ उभी कधी पाहिलीच नाही. माणसं ती चपलांवरून ओळखायची. मी नवीन सँडल घेतले तेव्हा आठ दिवस मला कुणी पाहुणी समजत होती. डॉक्टर म्हणायचे, हाडं झिजली. नाना काहीच म्हणायचे नाहीत, तिच्यासाठी ओट्याच्या कडेने बांबूचा कठडा मात्र त्यांनी स्वतः बसवला होता. मी बारावीत असताना ती गेली.

पुढे माझं लग्नाचं सुरू झालं आणि उंचीने घरात ठाण मांडलं. तीन स्थळं नुसत्या बायोडाटावरूनच परत गेली. चौथं धुळ्याचं. मुलगा शैलेश, पाच फूट आठ. आईने बजावलं होतं, आल्या आल्या बसून घे, आणि बसलीस की वाकून बस. शैलेशची आत्या पिंपळनेरची. तिने मला खालून वर न्याहाळलं, वर पोचायला जरा वेळ लागला, आणि म्हणाली, "पोर ते गंज उंच शे." अहिराणीत गंज म्हणजे फार.

कोपऱ्यात नानांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आईने डोळे मिटले.

"कुठून उंच?"

आत्याबाई गोंधळल्या. म्हणाल्या, कुठून म्हणजे, जमिनीपासूनच की.

"मग ठीक आहे," नाना म्हणाले, "जमीन दोघांची एकच आहे."

शैलेशला हसताना ठसका लागला. मीही हसले, आणि हसता हसता कधी ताठ बसले ते मला कळलंच नाही. लग्न ठरलं ते त्या ठसक्यावर, असं शैलेश अजून सांगतो.

पण आईची धास्ती संपली नव्हती. अंतरपाटाच्या वर माझं डोकं दिसलं, तर धुळ्याची मंडळी जन्मभर हसतील. मंगलाष्टकं होईपर्यंत गुडघ्यात वाक, शालूत कुणाला कळतंय, असं तिने सुचवलं आणि मीही मान डोलावली. सवयच होती.

हळदीच्या दिवशी नाना टेप घेऊन आले. मला भिंतीला उभी केली, पाटाची उंची धरली, मुंडावळ्या धरल्या, पत्रिकेमागे आकडा लिहिला आणि सांगितलं की अंतरपाटाचं एक टोक ते स्वतः धरणार. आई वैतागली. माझे मामा सहा फुटी, आतेभाऊ तसेच, आणि हे कशाला? नाना टेप गुंडाळत खाली बसले.

"ताई, माझ्या लग्नात धरणाऱ्यांचे हात तिसऱ्या मंगलाष्टकाला भरून आले. अक्का माझ्यापेक्षा चार बोटं उंच. वरून तिचं कपाळ दिसायला लागलं तसा मांडव हसला. मग ती गुडघ्यात वाकली. अंतरपाट खाली येत गेला, ती वाकत गेली. पुढे फोटोत ती बसायची, मी उभा राहायचो. रस्त्याने मान खाली घालून चालायची. मी एकदाही म्हटलं नाही, की अगं, ताठ हो." त्यांनी टेप खिशात टाकली. "मला बरं वाटत होतं."

आई उठली, आलं घालून चहा टाकला आणि म्हणाली, उभं राहायला आचाऱ्याकडून भाजीचं कॅरेट मी मागवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी उलट्या कॅरेटवर नाना चढले, पांढरी टोपी घालून. फोटोग्राफरने कुरकुर केली, भटजींनी दोनदा वाकून खाली बघितलं. त्यात शैलेशच्या मावशीने स्वतः रचलेलं मंगलाष्टक गायला घेतलं. दोन्हीकडचं गणगोत नावानिशी त्यात होतं. नानांचे हात थरथरायला लागले. पलीकडून मामा म्हणाले, द्या कुणाकडे तरी. नानांनी मान हलवली. कापड हलत होतं, पण बोटभरही खाली आलं नाही. आणि मी उभी होते, पायापासून डोक्यापर्यंत, जेवढी आहे तेवढी. भर गर्दीत अशी मी आयुष्यात पहिल्यांदाच उभी राहिले. या माणसाचे उपकार कसे फेडायचे ते मला आजही माहीत नाही. तेव्हा तर मी नुसती रडत होते, आणि बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते.

अक्षता पडल्या, बँड वाजला, हार घालून झाले, मंडळी जेवणाकडे पळाली. नाना अजून कॅरेटवरच. मी हात पुढे केला. त्यांनी घेतला नाही. तिथेच उभ्या उभ्या ते गुडघ्यात थोडे वाकले, मग थोडे वर आले, पुन्हा किंचित खाली गेले, आणि जमिनीवरच्या आपल्या उंचीपेक्षा चार बोटं वर, मोजून एका जागी थांबले. तिथून त्यांनी सगळा हॉल पाहिला, खुर्च्या, माणसं, दारापलीकडचा रस्ता.

"काय बघताय, नाना?"

"अक्काला एवढं दिसलं असतं."

मग माझा हात धरून ते खाली उतरले.