सासऱ्यासकट वेल्डिंग

"घरात माणूस असताना गॅरेजवाल्याच्या दारात कशाला जायचं?" सर्वज्ञ म्हणाला, आणि गाडीचं आयुष्य तिथेच संपलं. पुढची गोष्ट म्हणजे नुसती तिरडीची बांधाबांध!

सर्वज्ञ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बायकोच्या माहेरच्यांनी ते पाठीमागे ठेवलं होतं. असा एक नमुना तुमच्याही घरात असणार, उगाच मान हलवू नका! ऑफिसात टाचण्या आणि कागद मागवायचं खातं सांभाळायचं आणि जेवताना विमान कसं उतरवावं ते पायलटला शिकवायचं. हा नळ दुरुस्त करायला बसला की खालच्या मजल्यावरचे लोक छत्र्या उघडायचे. पण याची जीभ कधी रजेवर गेली नाही.

गाडी सासऱ्यांची. चौकोनी तोंडाची, मागे उघडा हौदा असलेली, चारही चाकांनी ओढणारी. डोंगर, चिखल, ओढे, सगळं तुडवून आलेली. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबा बायकोपेक्षा या गाडीशीच जास्त बोलत, आणि सासूबाईंची त्याला हरकत नव्हती. तेवढीच कानांना विश्रांती! पण यंदाच्या तपासणीत अधिकारी गाडीखाली वाकला आणि त्याने चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडी मारली. वाजायला हवं होतं टण्ण. वाजलं भस्स! हातोडी आत गेली आणि गंजाचा खपला साहेबांच्या बुटावर पडला.

"सोमवारपर्यंत चॅसी नीट करा," साहेब बूट झटकत म्हणाले. "नाहीतर गाडी भंगारात."

आबांचा चेहरा बघवत नव्हता. ते चांगल्या गॅरेजचा पत्ता शोधत असतानाच सर्वज्ञाने ते अजरामर वाक्य टाकलं.

"जावईबापू, तुम्हाला वेल्डिंग येतं?"

"आबा, त्यात यायचंय काय? लोखंडाला लोखंड चिकटवायचं. मी चार व्हिडिओ बघितलेत!"

"मग डॉक्टरकीचेही चार बघा," बायको म्हणाली, "आणि माझं पित्त बघून टाका."

शनिवारी सकाळी आबांनी गाडी जावयाच्या इमारतीखाली आणली. सर्वज्ञ तारेचा ब्रश घेऊन गाडीखाली शिरला आणि लागला घासायला. लाल भुकटीचे ढीग पडू लागले.

"अहो, गंज काढताय की गाडी?" बायकोने वाकून विचारलं.

"गंज निघाल्याशिवाय खालचं चांगलं लोखंड दिसत नसतं!"

ते दिसलंच नाही, कारण ते नव्हतंच. बोटाएवढं भोक मुठीएवढं झालं, मुठीएवढं डोक्याएवढं झालं. इतकी वर्षं गाडी गंजाच्याच जिवावर उभी होती, आणि याने नेमका तोच निष्ठावान नोकर कामावरून काढला! ऑफिसातली सवय, दुसरं काय.

"कुजलेलं कापून टाकू," सर्वज्ञ म्हणाला. मागच्या चाकांना त्याने दगड लावले. "आबा, तुम्ही आत बसून ब्रेक दाबून धरा."

आबा आत बसले, दार लावून घेतलं. कापण्याआधी गाडीला खालून जॅकचा आधार द्यायचा असतो. ते पाचव्या व्हिडिओत होतं.

लोखंड कापायचा ग्राइंडर किंचाळला, ठिणग्या उडाल्या, आणि कर्रर्र करून गाडी मधोमध खचली! मागचा हौदा केबिनवर रेलला. दारं चौकटीत अशी आवळली, जशी लग्नातली अंगठी म्हातारपणी बोटात आवळते.

घाबरलेला माणूस हात जोडतो. घाबरलेला सर्वज्ञ वेल्डिंग करतो! गाडी आणखी खचू नये म्हणून त्याने दोन्ही बाजूंना पत्र्याच्या जाड पट्ट्या धरल्या आणि आहे त्या अवस्थेत, पाठ खचलेल्या गाडीला, तिथल्या तिथे चिकटवून टाकलं.

"खालून ऊब येतेय!" काच चार बोटं खाली येऊन अडकली होती, त्या फटीतून आबा ओरडले.

"तुमच्या कंबरेला चांगली, आबा! आता गाडी हलणार नाही!"

"गाडीचं राहू दे, दार उघड!"

जावईबापूंचा 'तू' झाला होता. सर्वज्ञाने गाडीला पाय लावून दार ओढलं. मूठ हातात आली.

"काच फोडतो!"

"काचेला हात लावलास तर तुझं डोकं फोडीन! ती मूळची काच आहे!"

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. बायकोने उचलला.

"आबांना जेवायला पाठव गं."

"ते गाडीत बसलेत, आई."

"अगं बाई! झाली गाडी?"

"आता ते काही बाहेर येत नाहीत," बायको सुस्कारा टाकून म्हणाली.

"लहान मुलासारखे आहेत अगदी! आलेच मी!" सासूबाईंनी फोन ठेवला आणि गाडी झाल्याचं सांगायला धाकट्या जावयाला लावला.

हा धाकटा जावई, म्हणजे सर्वज्ञाचा साडू. सगळ्या जगाशी याची ओळख, आणि कामाच्या वेळी कुणीच ओळख देत नाही! पण त्या दिवशी नेमकी दिली. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून फेरफटक्यासाठी हजर झाल्या, आणि त्यांच्या मागून साडू चक्क तपासणीच्या साहेबांना घेऊन आला.

"म्हटलं, सोमवारची वाट कशाला बघायची? साहेब आपलेच आहेत!"

सर्वज्ञाचा रंग उडाला. साहेब गाडीकडे बघत राहिले. "ही मधून वाकलेली का दिसते?"

"वळणदार आहे," सर्वज्ञ म्हणाला.

"आतल्या गृहस्थांना उतरायला सांगा."

आबांनी जावयाकडे पाहिलं. ती नजर सर्वज्ञाला सोलून गेली. पण गाडी भंगारात जायची वेळ होती. आबांनी राग गिळला आणि फटीतून गोड हसले. "बसतो हो जरा. फार दिवसांनी बसलोय."

साहेब वाकले. त्यांनी नव्या पट्टीवर हातोडी मारली. टण्ण! दुसऱ्या बाजूला मारली. टण्ण! आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. या मूर्खाला जमलं की काय?

"थोडी पुढे घेऊन दाखवा."

आबांनी चारही चाकं जोडली, गाडी सुरू केली आणि प्रेमाने पाय दाबला. मागच्या चाकांचे दगड काढायचे हे सर्वज्ञाला कुणी सांगायचं? सगळं तर त्याला माहीत असतं! गाडी अडली. आबांनी आणखी दाबला.

फर्रर्र!

केबिन हातभर पुढे गेली आणि दमलेल्या कुत्र्यासारखी मागच्या बाजूने खाली बसली. हौदा जागच्या जागी राहिला. दार आपोआप उघडलं.

साडू साहेबांपासून चार पावलं लांब सरकला. साहेबांनी टोपी नीट केली. "सोमवारी येऊ नका," ते हळूच म्हणाले. "भंगारवाल्यालाच बोलवा."

आबा खाली उतरले. फाटलेल्या चॅसीपाशी उभे राहिले आणि तिच्यावर हात ठेवला. अशा वेळी शहाणा माणूस तोंड मिटून जमीन बघतो. सर्वज्ञ गुडघ्यावर बसला आणि त्याचा चेहरा उजळला.

"आबा, हे बघा! माझा वेल्ड सुटलेला नाही! शेजारचं लोखंड फाटलंय! वेल्ड तसाच्या तसा!"

आबांनी चॅसीवरचा हात काढला.

"खरंय, जावईबापू. वेल्ड तुमचाच. तेवढा कापून घरी न्या. गाडी माझी होती."

सासूबाईंनी मान खाली घातली. बायकोने डोळे मिटले. गेंड्यालासुद्धा टोचलं असतं.

सर्वज्ञ मात्र आनंदाने उठला आणि ग्राइंडर शोधायला लागला.