अध्यक्षांची बट

व्यापारी संघाचे अध्यक्ष सलूनमधल्या मधल्या खुर्चीत बसले की आधी पंखा बंद व्हायचा. हा तिथला जुना शिरस्ता होता. मानेवरची झालर सोडली तर अध्यक्षांच्या डोक्यावर केस उगवत ते एकाच ठिकाणी, डाव्या कानाच्या वर. तिथून निघालेली बट टाळूवरून दूरचा प्रवास करत उजव्या कानाशी मुक्कामाला येई. पोटच्या पोरासारखी जपली होती त्यांनी ती. वाऱ्याची नुसती चाहूल लागली तरी त्यांचा उजवा हात आपोआप कपाळाच्या कडेला जाई आणि बटेचं टोक दाबून धरी.

"कडा तेवढ्या सारख्या करा," अध्यक्ष म्हणाले. "शनिवारी त्या कॅडेटांच्या अधिकारी बाई येतायत."

"भाषण करणार वाटतं?" सलूनच्या मालकांनी कापड झटकत विचारलं.

"भाषण कसलं! दोन शब्दांत निकाल. आपल्या सभागृहामागचं पटांगण आम्हाला पार्किंगला हवंय. रोज सकाळी धाडधाड पाय आपटतात, सावधान काय, विश्राम काय! बाई विचारणार, लोकांचा पाठिंबा आहे का? मी म्हणणार, नाही. संपलं. तुकडी बंद."

मालकांचा कंगवा हवेतच थबकला. त्या तुकडीची म्होरकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. घरी अभ्यासाला चार हाका मारल्याशिवाय न उठणारी पोरगी परेडसाठी सूर्याच्या आधी तयार असायची. स्वतःच्या गणवेशाला इस्त्री करून वर बापाचा शर्टही इस्त्री करून ठेवायची. शनिवारी तुकडी बंद झाली तर घरी तोंड कसं दाखवायचं, हा मालकांपुढचा खरा प्रश्न होता. पण अध्यक्षांपुढे बोलायची छाती होत नव्हती.

"मेजर, साहेबांच्या कडा तू घे," असं म्हणून मालक गरम टॉवेल आणण्याच्या निमित्ताने आत सटकले.

मेजर हा सलूनचा कारागीर. हुद्द्याने मेजर नव्हे, साधा राखीव जवान. वर्षभर लोकांच्या दाढ्या करायच्या आणि बोलावणं आलं की गणवेश चढवून शिबिराला जायचं. गल्लीने त्याला चेष्टेत बढती दिली होती, एवढंच. कॅडेटांना कवायत शिकवायचा तोच, तेही फुकट. आज सकाळीच तो शिबिराहून थेट कामावर आला होता.

मालक टॉवेल घेऊन बाहेर आले आणि टॉवेल त्यांच्या हातातून गळून पडला. अध्यक्ष नेहमीप्रमाणे घोरत होते. मशीन मानेपासून निघून टाळू ओलांडून थेट कपाळापर्यंत पोचलं होतं. आणि ती ऐतिहासिक बट फरशीवर पडली होती, झोपलेल्या मांजराच्या शेपटीसारखी.

"अरे, काय केलंस हे?" मालक जेमतेम पुटपुटले.

"सवय हो, मालक," मेजर खालच्या आवाजात म्हणाला. "शिबिरात रोज जवानांची रांग असायची. माझ्याच हाती मशीन. हात आपोआप वळला."

"आता?"

"आता उरलंसुरलंही काढतो. अर्धवट वाईट दिसेल."

ते मात्र बरोबर होतं. मेजरने सफाईने फौजी कट पूर्ण केला. मशीन थांबल्याबरोबर अध्यक्षांना जाग आली. त्यांनी आरशात पाहिलं. आरशातल्या गृहस्थाला आदराने नमस्कार केला. त्यानेही केला, तेव्हा अध्यक्षांचा हात हळूहळू डोक्याकडे गेला.

आता आकाश कोसळणार हे पाहून मालकांच्या तोंडून जे निघालं, त्याची त्यांना स्वतःलाही आधी कल्पना नव्हती.

"अभिनंदन, साहेब! पहिला मान तुमचा!"

"कसला मान?"

"कॅडेटांच्या पाठिंब्यासाठी सगळी गल्ली आज फौजी कट करतेय. अध्यक्षांच्या आधी आम्ही कसे करणार? तुम्ही खुर्चीत बसलात, मान डोलावलीत..."

"मी पेंगत होतो!"

"आम्हाला होकार वाटला."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला आणि मग 'पहिला मान' हे शब्द आत झिरपले तसा मूळ रंगावर आला. "सगळी गल्ली म्हणजे कोण कोण?"

"सगळे! औषधवाले, बेकरीवाले, घड्याळवाले..."

"संध्याकाळी फेरी मारतो," अध्यक्ष उठले. "एक जरी डोकं केसांसकट सापडलं ना, तर तुमचं सलून आणि ती तुकडी, दोन्ही बघून घेतो."

अध्यक्ष गेल्यावर मालक त्यांच्याच खुर्चीत मटकन बसले. त्यांचे स्वतःचे केस म्हणजे सलूनची चालती-बोलती जाहिरात. कपाळावर झुलणारी लाट, कानाजवळ वळण. लग्नातही मुंडावळ्यांपेक्षा केसच सावरत होते म्हणे. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"चालव, मेजर. लवकर, नाहीतर माझा विचार बदलेल."

मग डोक्याचा गोटा करून घेऊन ते औषधवाल्याकडे धावले.

"अध्यक्षांनी केला म्हणून मी करू?" औषधवाला हसला. "तो माणूस बट देईल? एक वेळ दुकान देईल!"

"जाऊन बघ."

औषधवाला अध्यक्षांच्या कापडाच्या दुकानात डोकावून आला तो डोळे पुसतच. "दिली हो! बट दिली त्यांनी! पोरांसाठी!" आणि आपणहून सलूनच्या दिशेने चालू लागला.

'बट गेली' ही बातमी गल्लीत वणव्यासारखी पसरली. ज्या माणसाने उभ्या जन्मात संघाच्या बैठकीत चहासोबत दुसरं बिस्किट दिलं नाही, तो एवढा त्याग करतो, म्हणजे प्रकरण गंभीर आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. सलूनबाहेर रांग लागली. बेकरीवाला आला, घड्याळवाला आला, खांद्यापर्यंत केस वाढवलेला गिटार शिकवणारा आला आणि केस कापताना हुंदके देऊन गेला. शिकवणीचे मास्तर मात्र तावातावाने आले. ते मुळातच तुळतुळीत टकले.

"मला वगळलंत! मी काय गल्लीबाहेरचा?"

"तसं नाही, मास्तर, पण कापायचं काय?"

"ते तुम्ही बघा!"

मेजरने त्यांना बसवलं, कापड गुंडाळलं आणि कोरडं मशीन डोक्यावरून व्यवस्थित फिरवलं. मास्तर आरशात निरखून म्हणाले, "हं, आता हलकं वाटतंय."

संध्याकाळपर्यंत गल्लीत पाठमोरा पुरुष ओळखणं अशक्य झालं. बेकरीवालीने नवरा समजून घड्याळवाल्याला दुकान झाडायला लावलं. तोही भिडस्त, झाडून गेला. औषधवाल्याचं धाकटं पोर मास्तरांचं बोट धरून त्यांच्या घरी गेलं, जेवलं आणि तिथेच झोपलं. अध्यक्षांनी फेरी मारली, एकेक डोकं तपासलं आणि काहीच वावगं न सापडल्याने घरी गेले.

घरी अध्यक्षीणबाईंनी दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आधी जाऊन पंख्याचं बटण दाबलं. "इतकी वर्षं तुमच्या त्या बटेपायी घामाच्या धारांत स्वयंपाक केला," त्या म्हणाल्या. "आज मेली खरी झुळूक लागली अंगाला. आणि काय हो, तरुण दिसताय!"

अध्यक्षांना त्या रात्री जेवण दुप्पट गेलं.

इकडे मालकांच्या घरी लेक दारातच उभी राहिली. "बाबा! तुमचे केस?" तिने हळूच त्या गोट्यावरून हात फिरवला. "आमच्या तुकडीसाठी?"

मालक चपला काढू लागले. "म्हणजे... तसंच समज."

"मला वाटायचं, तुम्हाला ते सगळं पोरखेळ वाटतं." तिने बापाला अशी कडकडून मिठी मारली, की मालकांना आपल्या खोटेपणाची लाज वाटली आणि ते खरं होऊन बसल्याचा आनंदही झाला.

शनिवारी अधिकारी बाई जीपमधून उतरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. प्रत्येक दुकानाच्या पायरीवर एकेक फौजी कट उभा होता.

"इथे कुठली पलटण राहते का?" त्यांनी मेजरला विचारलं.

"नाही, मॅडम. हे दुकानदार आहेत."

पटांगणात कॅडेट ताठ उभे होते. सगळ्यांत पुढे मालकांची लेक. बाईंनी सरळ मुद्द्याला हात घातला, "तुकडी चालू ठेवायची तर स्थानिकांचा पाठिंबा हवा. अध्यक्ष, आपलं काय म्हणणं आहे?"

अध्यक्ष पुढे आले. रात्रभर घोकलेलं 'नाही' ओठांवर होतं. लोक हल्ली रस्त्यात थांबून आपल्याला मान देतात हेही डोक्यात होतं. दोन्हींची झटापट चालू असतानाच पटांगणात वाऱ्याचा झोत आला आणि जन्माच्या सवयीने अध्यक्षांचा उजवा हात झपकन कपाळाच्या कडेला गेला.

बट तिथे नव्हती. पण हात होता. ताठ, बोटं जुळलेली, अगदी नियमाप्रमाणे.

अधिकारी बाईंनी टाचा जुळवून सलामीला सलामी दिली. "सावधान!" मालकांच्या लेकीचा आवाज घुमला आणि सगळ्या तुकडीने अध्यक्षांकडे पाहून खाडकन सलाम ठोकला. मागोमाग आलेल्या दुकानदारांनीही, कुणी उजव्या, कुणी डाव्या हाताने, सलाम केला. अध्यक्षांना आजवर कुणी असा सलाम केला नव्हता. हात खाली घ्यायचं भानच राहिलं नाही.

"पाठिंबा?" ते सलामीतूनच म्हणाले. "बाई, ही आमची पोरं आहेत! पटांगण यांचंच. गाड्या जातील कुठेतरी."

तुकडी राहिली. पोरांनी मेजरला खांद्यावर घेतलं. मालक एका कोपऱ्यात उभे राहून नाक शिंकरत होते, तेव्हा अधिकारी बाई त्यांच्याजवळ आल्या.

"तुमचा हा कारागीर फार गुणी आहे हं. परवाच्या शिबिराची व्यवस्था माझ्याकडेच होती. सुट्टी देऊन त्याला शिबिराला पाठवता, तुमचे आभार मानायला हवेत."

"आभार कसले, मॅडम! तुम्हीच त्याचा हात तयार केलात. रोज एवढ्या जवानांचे केस कापायचे म्हणजे..."

"केस?" बाई हसल्या. "छे! तो पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरात होता. बटाटे सोलायला. केस कापायला आमच्याकडे वेगळा माणूस आहे."

मालकांनी पटांगणाकडे पाहिलं. खांद्यावर बसलेला मेजर नेमका त्याच वेळी आभाळाकडे पाहत होता, फार लक्षपूर्वक.

दुसऱ्या दिवशी त्याचा समाचार घ्यायचा म्हणून मालक सलून उघडून वाटच पाहत बसले. मेजर आला, मुकाट्याने झाडू लागला. मालकांनी घसा खाकरला. तेवढ्यात दार ढकलून एक देखणे गृहस्थ आत आले. मानेवर रुळणारे दाट, चकाकते केस. छपराच्या पत्र्यांचे मोठे व्यापारी, शेजारच्या गल्लीतले.

"नुसती टोकं घ्या," ते खुर्चीत पसरत म्हणाले. "जास्त कापलेलं मला खपत नाही."

मालक काही क्षण त्या केसांकडे पाहत राहिले. मग त्यांना पटांगण दिसलं, उन्हात घामाघूम झालेली पोरं दिसली, आणि त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही हेही दिसलं.

"पत्र्यांचे व्यापारी का, शेठ? वा, वा! आरामात मान टेका, डोळे मिटा," मालकांनी मऊ आवाजात सांगितलं आणि रेडिओ थोडा मोठा केला. "मेजर, शेठना तू घे. मी जरा टॉवेल आणतो."