पडद्यात मुरलेले हसू

पाणीपुरवठा कार्यालयात नंबर पुकारायला एक कारकून होता आणि कारकुनाला घसा होता. घसा हे कालबाह्य तंत्रज्ञान असल्याने साहेबांनी भिंतीवर ओएलईडी पडदा बसवला.

"यात प्रत्येक ठिपका स्वयंप्रकाशी आहे," उद्घाटनात साहेब म्हणाले. "मागे दिवा नाही, म्हणून पुठ्ठ्यासारखा पातळ. कुठूनही बघा, चित्र स्वच्छ. आणि काळा म्हणजे अगदी काळा. तिथला ठिपका विझलेलाच असतो!"

पडदा बसवणारा मेकॅनिक हळूच म्हणाला, "साहेब, एकच चित्र सतत ठेवू नका. तिथले ठिपके झिजतात, मग कायमची छाप उरते."

"अहो, मागे छाप उरावी म्हणूनच तर आम्ही झिजतो!"

तेव्हापासून साहेबांचे हसरे छायाचित्र आणि खाली ठळक अक्षरांत 'कृपया थांबा' अखंड झळकू लागले. नंबराला कोपरा मिळाला.

यथावकाश छाप मुरली. नंबर कितीही मोठा दाखवा, त्याच्याआडून साहेब हसत आणि थांबायला सांगत. पुढे साहेबांची बदली झाली. हसू मात्र रुजूच राहिले.

अशात तक्रारीचा कागद घेऊन आत्याबाई आल्या. रस्ता खोदताना खात्याने चुकून त्यांचाच नळ तोडला होता. घरात अंथरुणाला खिळलेला भाऊ आणि पाणी शेजारणीच्या मर्जीवर.

"आत्याबाई, या ना, तुमचाच नंबर!" कारकून खिडकीतून म्हणाला.

"अरे बाबा, पडदा थांबा म्हणतोय."

कारकुनाने मान वर करून वाचले आणि पुढे केलेला हात मागे घेतला. लेखी आदेशापुढे तोंडी बोलणे टिकत नाही.

नव्या साहेबांनी समिती नेमली. समितीला शोध लागला की पडदा पूर्ण काळा ठेवला तर छाप दिसत नाही. शिवाय काळ्याला वीज जवळजवळ लागत नाही. दोष झाकला, गुण उजळला! पडदा काळा झाला आणि वीजबचतीबद्दल कार्यालयाचा सत्कारही झाला.

लोक अजून येतात, बाकांवर बसतात आणि ध्यान लावल्यासारखे वर बघतात.

"कितीवर आलाय हो नंबर?"

"काळंच आहे अजून. पण काय खोल रंग आहे, नाही?"

काल आत्याबाई उठल्या. खिडकी उघडीच होती. आत कारकून रिकामा बसून पडद्याकडेच बघत होता. "लेकरा, भावाच्या घशाला कोरड पडलीय रे," त्या म्हणाल्या. कारकुनाचे डोळे भरून आले. त्याने कागदासाठी हात पुढे केला.

"ओ बाई!" अख्खा हॉल खवळला. "पडद्यावर काही आलंय का? आम्ही काय वेडे म्हणून बसलोय?"

आत्याबाई कागद तसाच घेऊन बाकावर परतल्या.

सज्जनहो, सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता, ते मी सांगणार नाही. ओळखीचा वाटला, एवढेच. बरे, तुमचा नंबर कितवा?