मुंडकं नको

शंकरअण्णांनी फोटो काढला की माणसाचं मुंडकं उडतं. आमच्या मल्लेश्वरमच्या इमारतीतल्या गणपतीत सगळ्या जणी रेशमी साड्या नेसून, गजरे माळून ओळीने उभ्या राहिल्या. फोटो आला तो गळ्यापासून पावलांपर्यंत. सेक्रेटरीबाईंनी अण्णांना जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "यात मी कुठली?"

"मुंडकं काय अक्का, सगळ्यांचं सारखंच," अण्णा शांतपणे म्हणाले. "दोन डोळे, एक नाक."

बरं, माणूस नवशिका म्हणावा तर तसंही नाही. पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ चालवण्यात त्यांचा जन्म गेला. दोन्ही कान दिसलेच पाहिजेत म्हणून निम्म्या मल्लेश्वरमच्या हनुवट्या त्यांनी स्वतः धरून फिरवल्या आहेत. मी पुण्याहून इथे नोकरीला आलेला आणि फोटोग्राफी ऑनलाइन शिकलेला, त्यामुळे मला राहवेना. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी नुसता सुरी धरलेला हात टिपला, तेव्हा मी त्यांना चौकटीचे तीन भाग, डोक्यावरची मोकळी जागा, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी आदराने ऐकून घेतलं. कित्येक पिढ्या बंगळूरात मुरलेल्या मराठी घरातले ते. धाकट्या भावाला इथल्यासारखं 'तम्मा' म्हणतात, आणि मीही त्यांचा तम्माच.

"सरी तम्मा, बरं," ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी माझ्या पायांचा फोटो काढला. मला रागच आला.

गेल्या थंडीत, अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांच्या दिवसांत, महिनाभर गावी राहून मी परतलो आणि त्यांचा राहिलेला डबा द्यायला गेलो. दार सुमतीअक्कांनी उघडलं. अण्णांची बायको. याच डब्यातून मला कितीदा चित्रान्न देणाऱ्या अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोण पाहिजे?"

आत शेंगा सोलत बसलेले अण्णा उठले आणि त्यांनी मोबाईल अक्कांपुढे धरला. पडद्यावर माझे पाय होते.

"हा वरच्या मजल्यावरचा," अक्का लगेच म्हणाल्या. "बगळ्यासारखा एका पायावर उभा राहतो." मग माझ्या पायांकडे बघत, "ये रे. उभा का?"

मी खाली पाहिलं. खरोखरच एका पायावर उभा होतो.

"चेहरे निसटतात तिचे," अण्णा हळूच म्हणाले. "हातपाय, उभं राहणं, ते स्वल्प टिकतं. सकाळी मलासुद्धा विचारलं, तुम्ही कोण म्हणून."

"मग तुमचा फोटो?"

"काढला नाही. नाहीच ओळखलं तर काय करू रे?"

पण थोड्या वेळाने ते पुन्हा शेंगा सोलायला बसले, आणि मोबाईल त्यांनी माझ्याकडे सरकवला. "काढ. मुंडकं नको."

मी चौकटीचे तीनही भाग विसरलो आणि नुसते हात घेतले. अक्कांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. अण्णांचं सोलणं थांबलं.

"हे तर आमचे हे," अक्का म्हणाल्या. "निम्मे दाणे सालातच ठेवून टाकून देतात."

आणि त्यांनी सालांचा ढीग पुढ्यात ओढला, एकेक साल उघडून राहिलेले दाणे काढू लागल्या. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पुढची शेंग उचलली, सोलली, आणि दोन दाणे मुद्दाम आत ठेवून साल अक्कांकडे टाकलं.