पाहुण्याची रोजची आंघोळ

आमच्या चिखल्याच्या खाण कॉलनीत बँकेचं लॉकर नाही. त्याची गरजही नाही, कारण माझं देवघर आहे! हे मी गर्वाने सांगत नाही. गर्व मी गेल्या चातुर्मासात सोडला. पण खरं ते खरं. पोरांची हॉल तिकिटं, गावाला गेलेल्यांच्या किल्ल्या, सुनेपासून लपवलेल्या पाटल्या, डॉक्टरला दाखवण्याआधीचे रक्ताचे रिपोर्ट, सगळं माझ्या देवांच्या पायाशी येऊन राहतं. तिथे ठेवलेली वस्तू हरवत नाही, फुटत नाही, उंदीर तिला तोंड लावत नाही. आमचे हे म्हणतात, "देवाले बसाले जागा ठेवत जाय वो थोडी." पण स्वतःचे पेन्शनचे कागद त्यांनीही तिथेच, गणपतीच्या मागे, सरकवून ठेवले आहेत.

तर अशा या देवघरात मार्गशीर्षात एक पाहुणा आला. तो जसा आला तसा परत गेला नाही. ती ही हकिकत.

मार्गशीर्षात माझे नेम जरा जास्त असतात. उठल्यापासून पूजा आटोपेपर्यंत मौन. गुरुवारी महालक्ष्मीचा उपास. आणि महिनाभर खोटं बोलायचं नाही; एरवी हे फक्त एकादशीपुरतं असतं. हा शेवटचा नेम ऐकायला सोपा वाटतो, पण उपासापेक्षा तोच जड जातो. या महिन्यात मी कोणाच्या नव्या साडीबद्दल मत देत नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून रीता राहते. दवाखान्यातली सिस्टर. ख्रिस्ती आहे, तिचे वडील इथल्याच खाणीत खाली उतरायचे, त्यामुळे कॉलनीतल्या चिंचेइतकीच ती इथली आहे. नवरा बालाघाटला नोकरीला, सणासुदीला येतो. पावसाळ्यात तिची आई गेली. तेव्हापासून ती ड्यूटीवरून आली की माझ्या ओट्यावर जरा जास्त वेळ बसते. काही बोलत नाही, मीही विचारत नाही. दोघी मिळून तांदूळ निवडतो.

त्या सकाळी मी गंध उगाळत होते. रीता दारातूनच बोलत आत आली. नाताळाआधी घराला चुना मारायला माणसं लागली होती, सगळं सामान अंगणात निघालं होतं, आणि तिला ड्यूटीला उशीर होत होता. कापसात आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी तिने माझ्यापुढे ठेवलं.

"काकू, हा बाळ येशू. आईचा आहे. नाताळाच्या गोठ्यातले मेंढरं कुठंही पडून राहिले तरी चालते, पण याले तुमच्याजवळ ठेवा. चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत गोठ्यात याची जागा रिकामीच ठेवतो ना आमी. तवा नेईन."

मी मान डोलावली. मला विचारायचं होतं की याला नैवेद्य काय लागतो, आंघोळ कशी, निजवायचं केव्हा. पण मौन! तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला आणि रीता पळाली. त्या दिवशी मी दोन शब्द बोलले असते, तर मला पुढे इतकं बोलावं लागलं नसतं.

रुमाल सोडला. तळहातात मावेल एवढं बाळ. गुलाबी गाल, किंचित वर वळलेलं नाक, दोन्ही हात पसरलेले, जसं काही म्हणत होतं, घे. उचललं तर आत काहीतरी खुळखुळलं. मी त्याला बाळकृष्णाशेजारी ठेवलं. दोघं एका वयाचे दिसत होते.

आता तुम्हीच सांगा. सकाळी ताम्हनात सगळे देव आंघोळीला बसतात. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाकावरचे देव. आणि एक परका बाळ बाजूला कोरडा बसून बघतोय! हे कोणाला बघवेल? घरच्या लेकरांना न्हाऊ घालायचं आणि पाहुण्याच्या लेकराला तसंच ठेवायचं, ही माझ्या माहेरची, सिहोऱ्याची, रीत नाही. मी त्यालाही ताम्हनात घेतलं. कोमट पाणी, चमचाभर दूध, बोटभर मध. मऊ फडक्याने पुसलं, गंध लावलं, साखर दाखवली.

तीर्थ गुलाबी झालं.

ह्यांनी ओंजळ पुढे केली आणि थबकले. "आज तीर्थ सरबतासारखं काहून दिसून राहिलं?"

मी म्हटलं, कृपा समजा आणि घ्या. त्यांनी घेतलं. वर साखर कमी असल्याचं सांगितलं.

असं रोज चाललं. तीर्थ दिवसेंदिवस फिकट होत गेलं. मला वाटलं, पाहुणा रुळला.

एक गोष्ट सांगायची राहिली. चष्मा मी फक्त पोथी वाचताना लावते. देव ओळखायला चष्मा लागत नाही, असं मी चारचौघींत म्हणत असे. गुरुवार उजाडला, मी घट मांडला, चष्मा लावून महालक्ष्मीची कहाणी वाचायला घेतली. एक पान उलटून सहज नजर वर गेली, आणि पुढची ओळ तोंडातून निघेना.

बाळकृष्णाच्या शेजारी भाकरीसाठी मळलेला गोळा होता! डोळे नाहीत. नाक नाही. पसरलेले हात अंगाला चिकटलेले. मी त्याला हातात घेतलं तेव्हा कळलं की हा पितळेचा नाही, मातीचा नाही, कागदाच्या लगद्याचा आहे. आणि ते गुलाबी तीर्थ म्हणजे काय होतं तेही कळलं. त्या लेकराचे गाल आम्ही दोघांनी मिळून पिऊन टाकले होते.

कहाणी मी पूर्ण केली. कहाणी अर्धवट सोडत नाहीत. पण त्या दिवशी कहाणीतल्या राणीपेक्षा मला माझीच काळजी जास्त होती.

त्याच संध्याकाळी रीताकडे करंज्या करायला जायचं होतं. दिवाळीत ती माझ्याकडे लाटायला बसते, नाताळात मी तिच्याकडे. घरात चुन्याचा ताजा वास होता. दारात कागदाची मोठी चांदणी, तिच्या शेजारी माझाच दिवाळीतला आकाशकंदील, कारण रीताच्या मते एकटी चांदणी ओकीबोकी दिसते. माझ्या उपासामुळे तिने खोबरं भाजताना दार उघडं ठेवलं होतं, वास बाहेर जावा म्हणून. वास काही गेला नाही. उपासाच्या पोटी असा वास घेत बसण्यातही एक सुख असतं, ते खाणाऱ्यांना कळायचं नाही.

कोपऱ्यात धानाच्या तणशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, गोठा मांडला होता. गाय, मेंढरं, मरिया, योसेफ, सगळे जागच्या जागी. मधोमध तणशीत एक रिकामा खळगा. सगळे त्या खळग्याकडे बघत होते. मला वाटत होतं, माझ्याकडे बघताहेत.

रीता लाटता लाटता म्हणाली, "आई ना काकू, बाळाले ठेवायच्या आधी त्याच्या नाकावर बोट टेकवायची. थंड लागलं का म्हणे, लेकरू खुशाल आहे. यंदा मलेच टेकवा लागते बोट."

माझ्या हातातल्या करंजीची मुरड उघडली आणि सारण तेलात सांडलं. मी धीर केला. म्हटलं, "रीता, मी त्याले रोज आंघोळ घालून राहिली."

ती एवढी हसली की पिठाचा हात कपाळाला लागला. किती तरी दिवसांनी ती अशी हसत होती. "काकू, तुमच्या घरी पाहुण्याले सुटका नाही! घाला, घाला. आईले बरं वाटलं असतं."

मी खरं बोलण्याचा नेम पाळला होता. पण ऐकणाऱ्याने ते खरं मानावं असा काही नेम नसतो. पुढचं वाक्य नाकाबद्दलचं होतं. तिचं ते हसणं बघून मी ते बोललेच नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणंच का, याचा विचार मी उरलेल्या सगळ्या करंज्यांना मुरड घालताना केला. उत्तर सापडलं. आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांना सिहोऱ्याला धाडलं. माझ्या माहेरी दादाजी म्हणून मूर्तिकार आहेत. गोकुळाष्टमीला गावात घरोघरी त्यांच्या हातचाच मातीचा कान्होबा येतो. नाक-डोळे असे की बघत राहावं. मी ह्यांच्याकडून तीनदा पाठ करून घेतलं: बाळ आहे, देवाचं आहे, नाक-डोळे पहिल्यासारखे करून द्या.

संध्याकाळच्या बसने हे परतले, चेहरा लग्न जमवून आलेल्या माणसासारखा. मी फडकं सोडलं.

बाळ निळं होतं! नखशिखांत निळं. कपाळी कस्तुरी टिळा, डोक्यावर मोरपीस, उजव्या हातात लोण्याचा गोळा. डोळे एवढाले, काजळ घातलेले, आणि ओठांवर असं हसू की आत्ताच कोणाची तरी मडकी फोडून आलंय.

"तुमी सांगितलं नाही का त्याहिले, हे नाताळाचं बाळ आहे म्हणून?"

"तू जे सांगितलं तेच सांगितलं. देवाचं बाळ आहे, नाक-डोळे बरोबर करा. नाक पाहय ना किती बरोबर आहे."

नाक खरंच बरोबर होतं. दादाजींनी वर निरोपही पाठवला होता: बाईला सांगा, पक्का तेलरंग मारला आहे, आता खुशाल रोज आंघोळ घाला.

यापुढे मी जे केलं ते शांत डोक्याने केलं नाही. आधी निळ्यावर पावडर लावली. त्याने बाळ आजारी दिसायला लागलं. म्हणून मग लोकर काढून त्याच्या मापाचा स्वेटर विणला, बाह्या लांब ठेवल्या म्हणजे लोणी झाकलं जाईल. कानटोपी विणली आणि मोरपीस आत दाबलं. ते पुन्हा वर आलं. टोपीला गोंडा लावून तो मोरपिसावर बसवला. शेवटी नाक आणि डोळे तेवढे बाहेर राहिले, तरी ते निळेच.

हे म्हणाले, "सांगून दे, थंडीनं निळा पडला." मी नुसतं बघितलं. मार्गशीर्ष अजून संपला नव्हता.

चोवीस तारखेला दिवेलागणीला रीता आली. आईची जरीची साडी नेसून आली होती. तिला बघून आमच्या ह्यांना मोरीतला नळ गळत असल्याची एकदम आठवण झाली आणि ते आत गेले. नळ मागल्याच आठवड्यात बदलला होता.

मी बाळ तिच्या हातात दिलं. तिने स्वेटर बघून कौतुक केलं. मग टोपी काढली.

मोरपीस टुणकन उभं राहिलं.

 रीताने बाळाला उलटं केलं, सुलटं केलं. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "काकू, हा आमचाच आहे का?"

मी आयुष्यभर पोथ्या वाचल्या, पण एवढा अवघड प्रश्न मला कोणत्याही पोथीने विचारला नव्हता. हो म्हणावं तर समोर निळा. नाही म्हणावं तर तेही खोटं. मी तिला सगळं सांगितलं. मौन, ताम्हन, गुलाबी तीर्थ, चष्मा, सिहोरा. कुठे थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. शेवटी म्हटलं, "आतून तुझ्या आईचाच आहे. वरून दादाजीचा आहे. मधलं जे होतं, ते मी न् तुझ्या काकानं पिऊन टाकलं."

 रीताने बाळ कानाशी नेलं आणि हलवलं.

खुळखुळ.

पुन्हा हलवलं. पुन्हा तोच आवाज.

"बाबानं खाणीतला खडा टाकला होता याच्यात," ती म्हणाली. "मी रडली का आई हेच वाजवायची." मग तिने पदराने हात पुसला, बोट त्या निळ्या नाकावर टेकवलं आणि तसंच ठेवलं. "थंड आहे."

 तेवढ्यात तिची नजर बाहीतून बाहेर आलेल्या लोण्याकडे गेली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता बांध फुटला. फुटलाच, पण हसण्याचा! ती हसत खाली बसली, मी तिच्या शेजारी बसले, आणि नळ दुरुस्त झाला असावा, कारण हे बाहेर आले.

बाळ गोठ्यात गेलं. रीताने टोपी पुन्हा घातली, स्वेटरही काढू दिला नाही, तणशीत गारठा असतो म्हणाली. तिचा बालाघाटचा नवरा वाकून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने टोपीचा गोंडा सरळ केला. मेंढरं जरा बिचकल्यासारखी वाटली. गाय मात्र त्याच्याकडे जुनी ओळख असल्यासारखी बघत होती. उपास नसल्याने मी बिनअंड्याच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, आणि मला वाटलं, सगळं निस्तरलं.

सण आटोपल्यावर रीता पुन्हा सकाळीच आली. मी मौनातच होते. आता तिने ती वेळ मुद्दाम गाठली होती. तिने बाळ बाळकृष्णाशेजारी ठेवलं. यंदापासून हा वर्षभर इथेच राहील म्हणाली, एकट्या घरात पेटीत पडून राहण्यापेक्षा सोबत बरी. मग पेशंटला सांगतात तसं एकेक बोट दुमडत म्हणाली, "पाणी नाही. दूध नाही. मध नाही. समजलं?" मी मान डोलावली. तिचा विश्वास बसला नाही. तिने दवाखान्यातली चिकटपट्टी काढून बाळाच्या पाठीला लावली आणि त्यावर लिहिलं: भिजवू नये.

मी भिजवत नाही. सकाळी बाकीचे देव आंघोळीला बसले की त्याला नुसती पळी दुरून दाखवते. त्यालाही ते चालतं, असं वाटतं. फक्त स्वेटर जरा मळला होता. पट्टीवर स्वेटराबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून काल तेवढाच गरम पाण्यात धुतला.

आटला. आता तो त्याच्या एका हातातसुद्धा जात नाही. लोण्याच्या हातात तर नाहीच.

संध्याकाळी रीता तांदूळ निवडायला येईल. मार्गशीर्ष संपला आहे, पण आज नेमकी एकादशी.