दाढोबांचा जावई नोकरीला लागतो

एका जंगलात, बाळांनो, पुष्कळ वानरं राहायची, आणि त्या सगळ्यांना काम होतं. कसलं काम? उंबराची झाडं हलवायचं. दिवसभर फांद्यांना लोंबकळून जीव मेटाकुटीला यायचा, तेव्हा कुठे संध्याकाळी जंगलात प्रत्येकाला चार उंबरं मिळायची.

मग तिथे गजराबाई नावाची हत्तीण आली. तिने एका झाडाला सहज पाठ घासली. धो धो उंबरं पडली!

वानरांची तोंडं उतरली. गजराबाई ओशाळली. "अगं बाई, मी तुमच्या पोटावर पाय दिला की काय?"

हत्तीणच ती. पोटावर पाय म्हणजे काय, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिने ठरवलं, आपण रोज सकाळी पाठ घासायची आणि पडतील ती उंबरं सगळ्यांनी पोटभर खायची. काम केलं तरी, नाही केलं तरी. याला म्हणायचं हक्काचा घास.

हसू नका. खरंच असं ठरलं, आणि खरंच पुरलं!

सगळ्यात खूश झाला टांगू. टांगू हा एक तरणाबांड वानर. आता त्याला दिवस मोकळा. तो पोरांना कोलांट्या शिकवी. साळिंदराच्या पाठीतला काटा त्याने मोठ्या मायेने उपटून दिला. तो साळिंदराचाच होता हे नंतर कळलं, पण माया खरी होती. उरलेला वेळ तो सावरीच्या उंच झाडाच्या शेंड्यावर बसून गाणी म्हणे. तिथून दूरवरचं दिसे. गवतात वाघाचे पट्टे हलले की तो ओरडे, "ख्यॅक! ख्यॅक!" मग सगळे झाडावर.

आणि शेजारच्या फांदीवरची शेवरी त्याला आवडायची. शेवरीलाही तो आवडायचा. राहता राहिले शेवरीचे वडील, दाढोबा.

दाढोबा रीतसर मुलगा बघायला आले. खाली सावलीत बसले. जांभळं खाल्ली. बिया थुंकल्या. मग विचारलं, "मुलगा काय करतो?"

टांगूची आई म्हणाली, "खाऊनपिऊन सुखी आहे."

"खाऊनपिऊन सुखी सगळं जंगल आहे, वहिनी. करतो काय?"

"आनंदात असतो."

"अरेरे," दाढोबा म्हणाले. "कधीपासून?"

आता, दाढोबाही हक्काचाच घास खायचे. पण त्यांनी पूर्वी झाड हलवलेलं होतं. म्हणून तो त्यांचा मान. टांगूचा तो फुकटेपणा.

इतक्यात शेंड्यावरून आवाज आला, "ख्यॅक! ख्यॅक!" दाढोबा टुणकन फांदीवर चढले. त्यांच्या शेपटीखालून वाघ गेला.

टांगू खाली आला. नमस्काराला वाकला. त्याला वाटलं, झालं, जमलं!

"जीव वाचवलात, ठीक आहे," धापा टाकत दाढोबा म्हणाले. "पण याचं काही मिळतं का?"

"नाही."

"मग हा छंद झाला. नोकरीला लागा, मग बघू."

शेवरी म्हणाली, "बाबा, तुम्ही जिवंत आहात ना?"

"जिवंत आहे म्हणूनच चारचौघांत काय सांगू, हा प्रश्न आहे!"

सुदैवाने त्याच आठवड्यात कोल्ह्याने आळस निर्मूलन खातं काढलं. पोटं भरल्यामुळे प्राणी बिघडतील, अशी त्याला काळजी होती. टांगूला तिथे नोकरी लागली. सकाळी वाळकी पानं या खडकावरून त्या खडकावर न्यायची. संध्याकाळी परत आणायची. पगार तोच, पोटभर उंबरं. फक्त आता रांगेत उभं राहून. गळ्यात सालीचा बिल्ला. नियम एकच: कामाच्या वेळेत वर बघायचं नाही आणि खाजगी ओरडायचं नाही.

दाढोबांना आनंदाचं भरतं आलं. "लग्न कामाच्या वेळेतच करू," ते म्हणाले. "नवरदेव पानं डोक्यावर घेऊन येऊ दे. दिसू दे लोकांना!"

तसंच झालं. पाणवठ्याजवळच्या मोकळ्या जागेत अख्खं जंगल जमलं. मोर नाचला. अस्वल बेसूर गायलं. डोक्यावर पानांचा भारा घेतलेला टांगू, मान खाली, शेवरीसमोर उभा राहिला.

एकाएकी मैना गप्प झाल्या. वाऱ्यावर ओळखीचा वास आला. टांगूच्या घशात 'ख्यॅ' येऊन अडकला.

"साहेब," तो कोल्ह्याला म्हणाला, "ओरडू का?"

"अर्ज कर."

"मामा," तो दाढोबांना म्हणाला, "ओरडू का?"

"जावईबापू!" दाढोबा कळवळले. "आजच्या दिवशी नोकरीवर पाणी सोडू नका हो!"

टांगूने शेवरीकडे पाहिलं. "ओरड की!" शेवरी किंचाळली. टांगूने भारा टाकला आणि ओरडला, "ख्यॅक!"

सगळे पळाले. एक दाढोबा तेवढे पडलेली पानं गोळा करायला थांबले. वाघाने त्यांनाच उचललं.

पण बाळांनो, काय ती मान त्यांची! वाघाच्या जबड्यातूनही ताठ. "जावई नोकरीला आहे माझा!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले.

वाघाने भरल्या तोंडाने विचारलं, "कायम की हंगामी?"

दाढोबांची मान तेव्हा पहिल्यांदा खाली गेली. "होईल कायम," ते पुटपुटले. आणि संपले.

शेवरीने डोळे पुसले. टांगूच्या गळ्यातला बिल्ला काढून पाण्यात फेकला. दोघं सावरीच्या शेंड्यावर जाऊन बसली. खाली जंगल हळहळलं, "बिचारी! बाप गेला, आणि वर नवरा बेकार."

वाघ जेवून दिवसभर झोपला. तो काय करतो, हे त्याला कुणी विचारलं नाही.

तात्पर्य: जीव वाचवणाऱ्या रिकामटेकड्यापेक्षा पानं वाहणारा नोकरदार जावई केव्हाही चांगला. जीव काय, एकदाच जातो. लोक मात्र रोज विचारतात.